सल्ला सदर: बार बघून मशीन घेऊ नका, आधी पाण्याचा हिशोब करा

प्रश्न: मी गोकुळ शिरगावच्या एका कारखान्यात मशीन शॉपला आहे. सुट्टी सोमवारी असते. फर्स्ट शिफ्ट असली की दुपारनंतर मोकळा असतो. फुलेवाडीत आमच्या कॉलनीत पावसाळा संपला की गच्च्या, पार्किंग, कंपाउंडच्या भिंती शेवाळानं काळ्या-हिरव्या होतात आणि लोक खराटा घेऊन घासत बसतात. प्रेशर वॉशर घेऊन जोडधंदा करावा असं डोक्यात आहे. साठ हजारांपर्यंत घालू शकतो. दुकानदार '२०० बार, १५ लिटर, ३ एचपी, सिंगल फेज' असं मशीन दाखवतोय. मित्र म्हणतो, पेट्रोलचंच घे. बायको म्हणते, आधी भाड्यानं आणून घरची गच्ची धुऊन बघा. काय घेऊ, आणखी काय लागेल, दर कसा लावू?
– एक वाचक, फुलेवाडी, कोल्हापूर

उत्तर: बायकोचं ऐका. घरची गच्ची धुताना तुमच्या नळाला मिनिटाला किती पाणी येतं, वायर कुठवर पोचते आणि हजार चौरस फुटाला खरंच किती वेळ जातो, हे तिन्ही आकडे हातात येतील. धंदा चालणार की नाही ते यांवरच ठरतं.

आता दुकानदाराचं मशीन. तुम्ही मशीन शॉपचे, तेव्हा हिशोब लगेच पटेल. बार (हे दाबाचं माप) गुणिले मिनिटाचे लिटर भागिले ६०० केलं की पाण्याला मिळणारी शक्ती किलोवॅटमध्ये येते. २०० गुणिले १५ भागिले ६०० म्हणजे ५ किलोवॅट. तीन एचपीची मोटर शाफ्टवर देते २.२ किलोवॅट, त्यातलाही थोडा भाग पंपातच खर्ची पडतो. म्हणजे पाटीवरचे दोन्ही आकडे एकाच वेळी मिळणं शक्य नाही. २०० बार हा पंपाचा कमाल दाब असेल आणि १५ लिटर हा जास्त फेऱ्यांवरचा प्रवाह. तीन एचपीतून प्रामाणिकपणे निघतात १२० बारच्या आसपास आणि ९ लिटर. घरगुती गच्ची-पार्किंगला तेवढं पुरतं. दुकानातच पडताळा घ्या. इनलेटचा पाइप २० लिटरच्या भरलेल्या बादलीत सोडा, नोझल लावून गन दोन मिनिटं दाबून धरा आणि बादलीतून किती पाणी गेलं ते बघा. १८ लिटरच्या आसपास जायला हवं. बारा-तेरा लिटरच गेलं तर पाटी विसरा.

बारपेक्षा लिटरला जास्त किंमत द्या. दाब शेवाळाची पकड सोडवतो, पण सुटलेला चिखल आउटलेटपर्यंत वाहून नेतो तो प्रवाह. ऑनलाइन मिळणारी हलकी घरगुती मशीनं १३० बार लिहितात, प्रवाह मात्र साडेपाच-सहा लिटर. त्यांची मोटर कार्बन ब्रशची असते, चालू केली की मिक्सरसारखी किंचाळते. गाडी धुवायला ठीक, पण सलग चार तास गच्चीवर चालवलीत की तापून बंद पडते. तुम्हाला बिनब्रशच्या, म्हणजे इंडक्शन मोटरचंच मशीन हवं, जमलं तर १४५० आरपीएमचं. २८०० वालं हलकं आणि स्वस्त पडतं, पण पंपाची सील लवकर झिजतात.

जड मशीन तिसऱ्या मजल्यावर चढवायचं कसं, हा पुढचा प्रश्न येईलच. चढवू नका. मशीन खाली पाण्याजवळ ठेवा आणि प्रेशर होज वर न्या. दहा मीटर उंचीला जेमतेम एक बार जातो. नुकसान होतं ते बारीक होजमुळे (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग): ३० मीटरच्या दोन सुती होजमध्ये ९ लिटरला दहा-एक बार मरतात, तीन सुतीत दीड-दोन. म्हणून स्टीलच्या जाळीचा, तीन सुती, ३० मीटरचा होज घ्या आणि वर तो कठड्याला दोरीनं बांधा, नाहीतर होजचं सगळं वजन गनवर येतं. वर-खाली दोघे लागतात, हे मात्र धरून चाला. पेट्रोल मशीनला विजेचं कनेक्शन लागत नाही आणि त्याचा प्रवाहही जास्त असतो, मित्राचं तेवढं खरं. पण साडेसहा-सात एचपीचं इंजिन भर लोडवर तासाला दीड-पावणेदोन लिटर पेट्रोल पितं, आवाजानं अख्खी कॉलनी खिडकीत येते आणि बंदिस्त पार्किंगमध्ये त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड जीव घेऊ शकतो. तुमचं निम्मं काम पार्किंगचंच असणार. सुरुवात विजेवर करा.

विजेचं मात्र नीट बघावं लागेल. २.२ किलोवॅटची सिंगल फेज मोटर चालताना १३-१४ अँपिअर घेते आणि सुरू होताना त्याच्या कितीतरी पट. पार्किंगमध्ये वॉचमनच्या पंख्याजवळचा ६ अँपिअरचा प्लग चालणार नाही. पाण्याच्या मोटरच्या पॅनेलजवळ १६ चा सॉकेट आहे का, हे काम घेण्याआधी डोळ्यांनी बघून या. एक्स्टेन्शन तीन कोअरचं, अडीच स्क्वेअर एमएम तांब्याचं करून घ्या. ३० मीटरला त्यात सहा-एक व्होल्ट पडतात. तेच दीडच्या वायरीनं ५० मीटर नेलंत तर सतरा. संध्याकाळी व्होल्टेज आधीच खाली असेल तर मोटर नुसती घुं-घुं करते, फिरत नाही, आणि मग लोक कपॅसिटरला शिव्या घालतात. वायर रिळावर गुंडाळलेली ठेवून चालवू नका. आतल्या आत तापून इन्सुलेशन वितळतं. बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) स्वतःचा बसवा. सोसायटीचा आहे की नाही, चालतो की नाही, यावर जीव टांगू नका. जोड ओल्या फरशीवर न ठेवता भिंतीला टांगा. आणि स्टार्ट करताना गन दाबून धरा, म्हणजे मोटर मोकळ्या पंपावर उचलते.

आता पाणी. बहुतेक जण इथंच अडकतात. मिनिटाला ९ लिटर म्हणजे गन सलग दाबली तर तासाला ५४० लिटर. सोसायटीच्या नळाला बऱ्याचदा पाच-सहा लिटरच येतं. तेव्हा पंप नळाला थेट जोडला की तो हवा ओढायला लागतो, धार फट-फट तुटते आणि पंपातून खडे घातल्यासारखा आवाज येतो. हाच आवाज महिनाभर चालू दिला तर व्हॉल्व्ह आणि सील जातात. उपाय साधा आहे: दोनशे लिटरचं पिंप. ते पंपापेक्षा थोडं उंच ठेवा, नळाचा पाइप वरून सोडा आणि तळाच्या तोटीतून पाऊण इंची जाड पाइपनं पंपाला पाणी द्या. नळ ६ देतो, पंप ९ ओढतो, तूट तीनची. म्हणजे पिंप तासाभराहून जास्त पुरतं, आणि मध्येच गन सोडून जागा बदलता तेवढ्यात ते परत भरत येतं. बोअरच्या पाण्यात बारीक वाळू असते, म्हणून इनलेटला पारदर्शक वाटीचा जाळीचा फिल्टर लावा. वाटी काळी पडलेली दिसली की धुवायची.

हजार चौरस फुटांच्या गच्चीला नवख्या हाताला पाच-सहा तास आणि दोन ते अडीच हजार लिटर पाणी धरा. हे पाणी कुणाचं, हे आधी ठरवा. एप्रिल-मेमध्ये महापालिकेचं पिण्याचं पाणी गच्चीवर उडवताना दिसलात तर शेजारचेच भांडायला येतील, आणि त्यांचं चुकणार नाही. बोअर असलेल्या सोसायट्या आधी गाठा.

नोझलचं गणित दुकानात क्वचितच कुणी सांगतं. १२० बार आणि ९ लिटरला नोझलचा नंबर लागतो ०३५. बॉक्समधलं हरवलं म्हणून ०५० बसवलंत तर दाब थेट साठ-बासष्ट बारवर येतो आणि मशीन बिघडलं असं वाटतं. उलट ०२५ बसवलंत तर दाब मर्यादेबाहेर जातो, अनलोडर (जादा दाब सोडणारा व्हॉल्व्ह) सतत उघडतो आणि तेवढं पाणी पंपातच गोल फिरतं. नोझल झिजलं की भोक मोठं होतं. तेव्हा धार हळूहळू मऊ वाटायला लागली की पंप उघडण्याआधी नवं नोझल लावून बघा. रंग बहुतेक ठिकाणी सारखेच: लाल ०, पिवळा १५, हिरवा २५, पांढरा ४० अंश. लाल टूलबॉक्सच्या तळाशी टाका. घरगुती कामात त्याला जागा नाही, नुकसानीत मात्र आहे. सपाट जागेला बारा इंची सरफेस क्लीनर घ्या. त्याच्या आत दोन नोझल फिरतात, त्यांचा मिळून नंबर ०३५ व्हायला हवा, म्हणजे प्रत्येकी ०१७५. हे न बघता घेतलेला मोठा क्लीनर नुसता सुस्त फिरतो. लान्सनं, म्हणजे गनच्या लांब नळीनं, पार्किंग धुतलं की फरशीवर झेब्र्यासारखे पट्टे उठतात. क्लीनरनं उठत नाहीत, मात्र प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर तृतीयांश चढवायची आणि हळू चालायचं.

जोडांबद्दल एक गोष्ट: होजचा एम-२२ जोड दोन जातींचा येतो, आतली पिन १४ मिलिमीटरची आणि १५ ची. आटे दोन्हीकडे बसतात, त्यामुळे फरक कळत नाही. मग ओ-रिंगमधून पाणी पिचकत राहतं आणि लोक टेफ्लॉन गुंडाळत बसतात. टेफ्लॉननं ते थांबत नाही. व्हर्नियर तुमच्या खिशातच असतो, पिन मोजून घ्या. होज फुटला तर नवा घ्यायची घाई नको. शिवाजी उद्यमनगरात हायड्रॉलिक होजला नवी फेरूल (टोकाची धातूची टोपी) दाबून मिळते, तुकडा कापून तोच पुन्हा वापरता येतो.

मशीनपेक्षा महत्त्वाचं म्हणजे दाब कुठे मारायचा नाही. नवशिक्याचा पैसा इथंच जातो. आपल्याकडच्या जुन्या गच्च्या विटांच्या कोब्यावर चिनी मोझेक, म्हणजे टाइल्सचे तुकडे, बसवलेल्या असतात. तुकड्यांच्या मधलं सिमेंट वर्षानुवर्षं पावसानं खाल्लेलं असतं. पिवळं नोझल वीतभर अंतरावरून मारलं की तुकडे पत्त्यांसारखे उडतात आणि गळती तुमच्या नावावर चढते. तिथे ४० अंशाचं नोझल, हातभर अंतर. आणि आधी काठीनं ठोकून बघा: पोकळ वाजलं की तिथे फक्त ब्रश. गच्ची धुण्याआधी खालच्या फ्लॅटमध्ये जाऊन छताचे फोटो काढा, मालकासमोर. जुना ओलीचा डाग आधीपासून होता, हे नंतर कुणालाच आठवत नाही.

पेव्हिंग ब्लॉकच्या सांध्यात वाळू असते. धार उभी धरलीत तर ती निघून जाते आणि महिन्याभरात ब्लॉक हलायला लागतात. धार तिरकी ठेवा, वाळल्यावर बारीक वाळू झाडूनं सांध्यात भरून द्या आणि हे काम दरात आधीच धरा. जांभ्याच्या कंपाउंडला दाब नकोच. तो मऊ दगड, शेवाळाबरोबर स्वतःही झरतो. शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या जुन्या वाड्यांच्या चुन्याच्या भिंतींचं तेच. मंगलोरी कौलांवर खालून वर धार मारली की पाणी कौलाखाली शिरून घरात येतं. सोलर पॅनेल धुवायला सांगतील, नाही म्हणा. उत्पादक उच्च दाबाला मनाई करतात आणि वॉरंटी जाते. तिथे सकाळी गार पॅनेलवर मऊ ब्रश आणि साधं पाणी, वेगळा दर. एसीच्या बाहेरच्या युनिटचे पत्रे वाकतात, तेही नको. पार्किंगमध्ये सगळ्यात महागडी जागा म्हणजे लिफ्टचं दार. उंबऱ्याच्या फटीतून पाणी पिटमध्ये गेलं की लिफ्ट बंद. दारासमोर वाळूची पिशवी किंवा गुंडाळलेलं पोतं आडवं टाका आणि धार कायम दारापासून बाहेरच्या दिशेनं मारा. मीटर बोर्डाच्या आसपास तर कोरडा झाडू.

काळं, चिकट शेवाळ नुसत्या दाबानं काढत बसलात तर वेळही जातो आणि पृष्ठभागही खरडतो. सोडियम हायपोक्लोराइट वापरा. बाजारात द्रव १०-१२ टक्क्यांचं येतं. एक लिटरला पाच लिटर पाणी घातलं तर दीड टक्क्याच्या थोडं वर जातं, नऊ घातलं तर एक टक्का. भिंतीला एक टक्का, जाड थराला दीड. आधी कोरडं झाडून घ्या, कुंड्या हलवा किंवा भरपूर पाण्यानं भिजवा. द्रावण फवाऱ्यानं शिंपडा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, वाळू देऊ नका, मग धुवा. उन्हात ते मिनिटांत वाळतं, म्हणून सकाळी लवकर. लोखंडी ग्रिल आणि स्टीलचा कठडा शेवटी साध्या पाण्यानं नीट धुवा, नाहीतर गंजाचे ओघळ येतात. हायपो उष्णतेत आणि उजेडात कमजोर होतं, पत्र्याच्या शेडमध्ये पडलेला जुना कॅन स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. आणि हायपोसोबत ॲसिड कधीही, कुठल्याही कारणानं नाही. संडास धुवायचं लिक्विडसुद्धा नाही. क्लोरीन वायू तयार होतो. ॲसिडनं कोटा आणि मार्बलची चकाकी जाते, ते वेगळंच. तेलाच्या डागांना डिग्रीझर लागेल. ते धुतलेलं पाणी गटारात सोडू नका, आधी लाकडाचा भुसा टाकून तेल उचलून घ्या. आपली गटारं नाल्यांतून शेवटी पंचगंगेलाच मिळतात.

धुणं वरून उताराच्या दिशेनं. सुरुवातीलाच आउटलेटवर जाळी ठेवा, नाहीतर सुटलेलं शेवाळ पाइपात बसतं आणि पहिल्या वळवात गच्चीचं तळं होतं.

अंगावर गॉगल, गमबूट, रबरी हातमोजे. शिडीवर उभं राहून गन दाबायची नाही, धक्का मागे ढकलतो. धार हाता-पायावर लागली आणि टाचणीएवढं भोक दिसलं, फारसं दुखत नसलं, तरी पट्टी बांधून काम पुढे रेटू नका. पाणी आणि घाण कातडीखाली खोल गेलेली असते. थेट सीपीआर या सरकारी रुग्णालयात किंवा जवळच्या सर्जनकडे जा आणि 'प्रेशर वॉशरची धार लागली' हे स्पष्ट सांगा.

पंपाची काळजी फार नाही. पहिल्या पन्नास तासांनी तेल बदला, पुढे पुस्तिकेत लिहिलं असेल तसं. तेल दुधाळ दिसलं की सीलमधून पाणी आत शिरतंय, मशीन थांबवा. गन सोडून मशीन दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त चालू ठेवू नका. तेच पाणी आत फिरून गरम होतं आणि सील भाजतात. चहा आला की स्विच बंद. घरी आणण्याआधी पाणी बंद करून, गन दाबून उरलेला दाब सोडून द्या.

दराचं म्हणाल तर शेजारच्या गावात कोण काय घेतो ते विचारत बसू नका, स्वतःचा तास काढा. समजा मशीन, होज, क्लीनर मिळून ५०,००० गेले आणि ते ५०० तासांत वसूल करायचे ठरवले, तर तासाला १०० हे नुसते मशीनचे. त्यात मदतनिसाची मजुरी, हायपो, टेम्पो किंवा रिक्षा आणि तुमचा स्वतःचा तास मिळवा. वीज गिऱ्हाइकाची, तासाला तीनेक युनिट, हे आधी सांगा. आलेला आकडा तुमच्या घरच्या गच्चीवर मोजलेल्या वेगानं भागा, की चौरस फुटाचा दर आला. सामान लावण्या-काढण्यात दीड तास जातोच, म्हणून किमान बिल ठरवून ठेवा, नाहीतर दोन मोऱ्या धुवायला बोलावतील. दर सांगण्याआधी दोन फूट बाय दोन फुटाचा तुकडा धुऊन दाखवा, फोटो घ्या आणि काय निघेल, काय निघणार नाही, कुठे आधीच तडे आहेत, हे व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा. गंज आणि जुने रंगाचे डाग निघतील असा शब्द देऊ नका.

सोमवारची सुट्टी तुमच्या पथ्यावर पडणारी आहे. रविवारी पार्किंग गाड्यांनी भरलेलं असतं, सोमवारी सकाळी दहानंतर रिकामं. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात सकाळची छोटी कामं घ्या, फर्स्ट शिफ्टच्या दुपारी गच्ची सुरू करू नका, अंधारात राहिलेले पट्टे दुसऱ्या दिवशी दिसतात. काम दोनदा येतं: नवरात्र ते दिवाळी, आणि एप्रिल-मेमध्ये वॉटरप्रूफिंगच्या आधी. दुसरा हंगाम जास्त भरवशाचा, कारण कोटिंग करणाऱ्यांना स्वच्छ आणि कोरडी गच्ची लागतेच. अशा दोन-तीन ठेकेदारांना आताच भेटून ठेवा. धुतल्यावर दोन-तीन कडक उन्हाचे दिवस मिळाल्याशिवाय कोटिंग नको, हे त्यांनाही माहीत असतं, तरी घाई करतील.

कागदपत्रांचं फार मनावर घेऊ नका. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि फुकट आहे, त्यासाठी एजंटला पैसे मोजू नका. सेवेची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असेपर्यंत जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. फक्त नेमणूक पत्रात दुसरा व्यवसाय करण्याबद्दल काय लिहिलंय ते वाचा, आणि तशी अट असेल तर साहेबांकडून लेखी परवानगी घ्या.

साठ हजारांतले दहा हजार हातात ठेवा. मशीनच्या बिलासोबतच सील किट, व्हॉल्व्ह किट आणि ०३५ चं एक जादा नोझल मागा. दुकानदार 'लागलं की मागवून देतो' म्हणाला तर ते मशीन कितीही चांगलं असलं तरी दुसरं दुकान बघा. ऐन दिवाळीच्या आठवड्यात सील गेलं, तर मागवलेलं किट येईपर्यंत हंगाम गेलेला असेल.